मुलांच्या पुस्तकाचा सिनेमा करायचाय? मग आधी पुस्तक मोठ्याने वाचा

वर्षातून दोन-तीन फोन मला असे येतातच. लहानपणी एक पुस्तक वाचलं होतं, त्यावर फिल्म करायची खूप इच्छा आहे, सुरुवात कुठून करू, कॅमेरा कुठला घेऊ. कॅमेऱ्याचा प्रश्न खूप नंतरचा आहे हो. मी आधी बरीच वर्षं असिस्टंट होतो, मग स्क्रिप्टकडे वळलो, आणि कोकणातली एक मुलगी आणि तिची शेळी अशा ७२ पानी पुस्तकावरच्या फिल्मचं काम पहिल्या वाचनापासून शेवटच्या कटपर्यंत केलं, त्यात ज्या चुका केल्या आणि जे शिकलो ते सगळं इथे क्रमाने लिहितोय. लांबलचक होणार आहे, चहा घेऊन बसा.

वाचन, आणि तेही मुलांसमोर

पहिल्यांदा स्वतःसाठी वाचा, हातात पेन्सिल न घेता, एका बैठकीत. दुसऱ्यांदा मोठ्याने वाचायचं आणि समोर मुलं बसवायची, ज्या वयासाठी पुस्तक आहे त्याच वयाची, आपल्या भाच्या-पुतण्यांपेक्षा अनोळखी बरी कारण घरची मुलं आपल्याला बरं वाटावं म्हणून हसतात. आम्ही संगमेश्वर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजींना विचारून तिसरी-चौथीच्या वर्गात वाचलं. एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने पुस्तकाकडे न बघता फक्त मुलांकडे बघत खुणा करायच्या, कुठे चुळबुळ, कुठे खिडकीबाहेर नजर, कुठे मध्येच कोणी प्रश्न विचारला आणि कुठे एकदम चिडीचूप.

आम्हाला खात्री होती की फिल्मचा जीव म्हणजे शेळी पावसात रानात हरवते ते प्रकरण, त्यासाठी ड्रोनचं बजेटही मनातल्या मनात धरून झालं होतं. मुलांनी ते ऐकलं, ठीक आहे, शेळी सापडणार हे त्यांना आधीच माहीत होतं. वर्ग गप्प झाला तो भलत्याच जागी. पुढे एकदा आजी गोष्टीतल्या मुलीला, सुमीला, सांगते की शेळीला चार दिवस मामाकडे पाठवलंय, आणि पुढचं वाक्य एवढंच आहे की पडवीत खुंटीला दावं लटकत होतं. संपलं. मागच्या बाकावरचा एक पोरगा म्हणाला, "मग दावं कसं नाय नेलं?" आणि सगळ्या वर्गाला एकाच वेळी कळलं की आजीने शेळी विकलीय.

अशी जागा सापडली की ती एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवायची. पुढे बाकी सगळं बदलेल, पात्रं कमी होतील, गाव बदलेल, शेवट बदलेल, पण ही जागा जपायची. माझ्या मते ॲडाप्टेशनमधलं, म्हणजे पुस्तकाचा सिनेमा करण्यातलं, खरं काम एवढंच आहे. पुस्तकातली वाक्यं जपायला जाऊ नका, मूल जिथे थांबतं ती जागा जपा.

हक्क: हे आवडो न आवडो, स्क्रिप्टच्या आधी

लोक आधी सहा महिने स्क्रिप्ट लिहितात आणि मग लेखकाला फोन करतात. उलटं करा. आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पुस्तकावर फिल्म करायचा हक्क मूळ हक्कदाराकडे असतो, आणि लेखक वारल्यानंतर पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजून ६० वर्षं तो वारसांकडे राहतो. साने गुरुजी ११ जून १९५० ला गेले, म्हणजे २०१० संपलं आणि १ जानेवारी २०११ पासून त्यांचं लेखन सगळ्यांसाठी मोकळं झालं. पण मोकळं झालं ते त्यांचं लेखन. एखाद्या नव्या आवृत्तीतली चित्रं, कोणी केलेलं भाषांतर, आधीच्या सिनेमातली गाणी, या प्रत्येकाचा हक्क वेगळा आणि प्रत्येकाचा मालकही वेगळा.

लेखक हयात असेल तर त्यांनी प्रकाशकाशी केलेला करार आधी मागून बघा. बऱ्याच जुन्या मराठी करारांत सिनेमाचा उल्लेखच नसतो, मग लेखक म्हणतात हक्क माझ्याकडे, प्रकाशक म्हणतात आमच्याकडे, आणि आपण मध्ये. दोघांच्याही सह्या घेतल्या की रात्री झोप लागते. करार लेखीच हवा, तोंडी "कर रे बाळा, माझा आशीर्वाद आहे" याला कायद्यात किंमत नाही. करारात मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत, म्हणजे अमेरिकेतल्या मराठी मंडळात शो लावायचा झाला की अडकलात. आणखी एक, हक्क घेऊन वर्षभर काहीच केलं नाही आणि करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर तो हक्क परत जातो. मुलांच्या फिल्मला प्रोड्यूसर मिळायला वर्ष सहज जातं, तेव्हा ही ओळ वकिलाकडून नीट लिहून घ्या.

चित्रकाराला विसरू नका! मुलांच्या पुस्तकात मुलीचा फ्रॉक, वेणी, शेळीच्या कपाळावरचा पांढरा ठिपका हे बहुतेक वेळा चित्रकाराने ठरवलेलं असतं, लेखकाच्या मजकुरात त्याचा पत्ताही नसतो. तो ठिपका पडद्यावर वापरायचा तर त्यांच्याशीही बोला. आम्ही बोललो, ते इतके खूश झाले की स्वतःहून स्टोरीबोर्डची, म्हणजे शॉट्सच्या चित्रांची, काही पानं काढून दिली.

भिंतीवरची कार्डं: काय ठेवायचं, काय घालायचं

स्क्रिप्टचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, हा ढोबळ हिशोब. आमचं पुस्तक मोठ्याने वाचायला ५० मिनिटं लागायची, फिल्म हवी होती दीड तासाची. म्हणजे कापायचं कमी, घालायचं जास्त. प्रत्येक प्रसंगाचं एक कार्ड करा, त्यावर फक्त कोण काय करतं ते लिहा, "सुमीला वाईट वाटतं" हे कार्ड होत नाही. मग ती भिंतीवर लावा आणि एकेक काढून बघा की गोष्ट पडते का. जे काढून काही बिघडलं नाही ते गेलं, कितीही लाडकं असो.

छोट्या पुस्तकात भर कशी घालावी याचा मला माहीत असलेला उत्तम नमुना म्हणजे रस्किन बाँडच्या कथेवर विशाल भारद्वाजने २००५ मध्ये केलेला 'द ब्लू अम्ब्रेला'. कथेत दुकानदार एका मुलीची निळी छत्री चोरायला एका पोराला पाठवतो आणि ती चोरी फसते. सिनेमात छत्री खरंच नाहीशी होते, दुकानदार ऐटीत लाल छत्री घेऊन फिरायला लागतो, आणि पाण्याने रंग उतरून खालचा निळा दिसतो तेव्हा त्याचं पितळ उघडं पडतं. घातलेला प्रसंग नवाकोरा आहे, पण तो आलाय छत्रीच्या रंगातून आणि दुकानदाराच्या हव्यासातून, आणि या दोन्ही गोष्टी कथेतल्याच होत्या. बाहेरून एखादा व्हिलन आणून बसवला असता तर शिवण दिसली असती.

मोठ्या किंवा सुट्या सुट्या प्रसंगांच्या पुस्तकाचं दुखणं उलटं. 'श्यामची आई' १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं गेलं, १९३५ ला छापून आलं, आणि त्याची रचना आहे रोज रात्री सांगितलेल्या आठवणींची. प्रत्येक रात्र स्वतःत पूर्ण. वाचताना हे छानच, कारण मूल रोज एक रात्र वाचून झोपतं, पण थिएटरमध्ये दर दहा मिनिटांनी गोष्ट संपायला लागली तर मूल पॉपकॉर्न मागतं. तिथे प्रसंग निवडायचे आणि त्यांच्यामधून एक दोरा ओवायचा, आईची ढासळत जाणारी तब्येत म्हणा किंवा घराची उतरती कळा. आचार्य अत्र्यांच्या १९५३ च्या सिनेमाला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं, आणि ७० वर्षांनी सुजय डहाकेने तेच पुस्तक ब्लॅक अँड व्हाइटमध्ये पुन्हा केलं. दोन्ही सलग बघा, पुस्तक शेजारी उघडं ठेवून, आणि कोणी कुठल्या रात्री सोडल्या त्याची यादी करा. फुकटातली शिकवणी आहे ही.

तिसरा रस्ता म्हणजे पात्र उचलायचं आणि काळ, वय सगळं बदलायचं. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे शाळकरी पोरगा, २०१७ च्या 'फास्टर फेणे'मध्ये तो मेडिकलची प्रवेश परीक्षा देण्याच्या वयाचा झाला आणि गोष्ट परीक्षेतल्या घोटाळ्याची झाली. मला मजा आली बघताना, पण असं केलं की प्रेक्षकही बदलतो हे धरून चाला, लहानपणी फेणे वाचलेले तिशी-चाळिशीतले लोक येतात आणि आठ वर्षांचं पोर त्यांच्या शेजारी बसून प्रश्न विचारत राहतं.

विचार हातात द्यायचा

आता त्या दाव्यापाशी परत येऊ, कारण स्क्रिप्ट लिहिणं म्हणजे काय ते तिथेच सगळ्यात नीट दिसतं. पुस्तकात खुंटीच्या वाक्यानंतर लेखकाने लिहिलंय की सुमीला कळून चुकलं, पण ती आजीला काही बोलली नाही. कागदावर हे चालतं, कॅमेऱ्याला "कळून चुकलं" दिसत नाही.

पहिल्या ड्राफ्टमध्ये मी सुमीला मैत्रिणीला सांगायला लावलं, "आजी खोटं बोलली गं." वाईट. दुसऱ्यात ती दाव्याकडे बघते आणि रडते. त्याहून वाईट, कारण नऊ वर्षांची मुलगी रडायला लागली की प्रेक्षक तिला रडू देतो आणि स्वतः मोकळा होतो. मग आम्ही पुस्तकात मागे गेलो, १४ व्या पानावर सापडलं की सुमी रोज जेवताना भाकरीचा शेवटचा तुकडा शेळीसाठी काढून ठेवते. झालं! नवीन सीन असा: रात्र, आजी वाढतेय, मामाकडच्या शेळीबद्दल काहीबाही बोलतेय. सुमी जेवतेय. सवयीने शेवटचा तुकडा ताटाच्या कडेला ठेवते. नजर पडवीतल्या खुंटीकडे जाते. हात थांबतो. मग ती तो तुकडा उचलते, स्वतःच्या तोंडात घालते आणि हळूहळू चावत राहते. आजीचं बोलणं मध्येच तुटतं. सीनमध्ये सुमीला एकही वाक्य नाही.

'श्यामची आई'तला आंघोळीचा प्रसंग इतक्या पिढ्यांच्या लक्षात का राहिला याचं उत्तरही माझ्या मते इथेच आहे. ओल्या पायांना माती लागू नये म्हणून श्याम हट्ट करतो आणि आई दगडावर आपला पदर पसरते. उपदेश नंतर येतो, आधी पदरावर पडणारं ते ओलं पाऊल डोळ्यासमोर येतं. तुमच्या पुस्तकात असे पदर शोधा, आणि जिथे नाहीत तिथे मागच्या-पुढच्या पानांतून उसने आणा.

स्क्रिप्ट पूर्ण झाली की मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये रजिस्टर करून टाका, मेंबर होऊन ऑनलाइन होतं, आळस करू नका.

दिसणं

हे थोडक्यात. पुस्तकातला रंग पडद्यावर चालेलच असं नाही. 'द विझर्ड ऑफ ऑझ'च्या मूळ पुस्तकात डोरोथीचे बूट चंदेरी आहेत, १९३९ च्या सिनेमात ते माणकासारखे लाल झाले कारण टेक्निकलर, म्हणजे तेव्हाचं रंगीत फिल्मचं तंत्र, नवलाईचं होतं आणि पिवळ्या रस्त्यावर लाल उठून दिसतो. आम्ही दाव्यासाठी आर्टवाल्यांकडून सात-आठ दोर मागवले, नवा नायलॉनचा निळा दोर कॅमेऱ्यात प्लास्टिकच्या खेळण्यासारखा दिसायचा, शेवटी शेजारच्या वाडीतून वापरून काळपट झालेलं काथ्याचं दावं मागून आणलं आणि बदल्यात त्यांना नवीन दिलं.

मूल आणि शेळी

ऑडिशनला पालक मुलाला डायलॉग घोकून आणतात, हातवारे बसवून. ते एकदा होऊ द्या, टाळ्या वाजवा, मग आईबाबांना बाहेर चहाला पाठवा आणि मुलाला काम द्या: ही सुतळी सोडव, हे शेंगदाणे सोल आणि सोलता सोलता काल शाळेत काय झालं ते सांग. काम करताना जे मूल कॅमेरा विसरतं ते आपलं.

दात तपासा. खरंच सांगतोय. सहा ते बारा वयात दुधाचे दात पडतात, आणि सीन गोष्टीच्या क्रमाने शूट होत नाहीत, म्हणजे सुमी घरातून निघताना पुढचे दोन दात असलेली आणि अंगणात पोचली की बोळकी. आमच्या मुलीचा एक दात हलत होता, दुसऱ्या शेड्यूलच्या आधी तो पडला, मग संवादात एक ओळ घातली की दात कौलावर टाकला, आणि ती ओळ मुलांना फिल्ममधली सगळ्यात जास्त आवडली. दर वेळी नशीब एवढं साथ देत नाही, तेव्हा डेंटिस्टकडून पुढचा तात्पुरता दात करून घ्यायची तयारी ठेवा.

शेळ्या तीन घ्या, दिसायला सारख्या. एक चालणारी, एक शांत उभी राहणारी, एक खादाड. शूटच्या आधी महिनाभर मुलीने त्यांना रोज चारा घातला पाहिजे, नाहीतर पडद्यावर मैत्री दिसत नाही, फक्त दोर ओढाओढ दिसते. आमची मुलगी शहरातली, पहिल्या दिवशी शेळी शिंकली तर ती टेम्पोत जाऊन बसली!

कागदपत्रं मात्र गंमत नाही. १४ वर्षांखालचं मूल असेल तर बालकामगार कायद्याच्या नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसाला जास्तीत जास्त ५ तास काम, सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांच्या वर काम नाही, पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस, शाळा बुडत असेल तर अभ्यासाची सोय, आणि मुलाच्या मानधनातले किमान २० टक्के त्याच्याच नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. प्राण्यांसाठी ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची परवानगी शूटच्या आधी घ्यायची, ती नसेल तर फिल्म सेन्सॉरकडे अडते. शेळी तर घरचीच आहे, तिला कसली परवानगी, असं म्हणणारा लाइन प्रोड्यूसर भेटेल. त्याचं ऐकू नका.

शूट

५ तास म्हणजे आपले ५ तास नाहीत. मेकअप, नाश्ता, रुसवा, शू, सगळं वजा जाता हातात तीनेक तास उरतात. म्हणून शेड्यूल मुलाभोवती बांधायचं. कॉल सकाळचा, कारण दुपारी चारनंतर मुलाचा चेहरा विझतो. आधी मुलाचे क्लोजअप काढून घ्या, मग मास्टर, म्हणजे सगळा सीन एकत्र दिसणारा शॉट, मग मोठ्यांचे शॉट. नेहमीची पद्धत उलटी असते, पण मुलाचा पहिला-दुसरा टेकच खरा असतो, सातव्या टेकला ते आपल्याला खूश करायला बघतं. मुलाची पाठ दिसणारे शॉट उंची जुळणाऱ्या मोठ्या माणसाला डमी म्हणून उभं करून काढता येतात.

कॅमेरा मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला. ऐकायला साधं, पण सेटवर सगळे मोठे उभे असतात आणि ट्रायपॉड आपोआप वर चढतो. आम्ही ट्रायपॉडच्या पायाला लाल चिकटपट्टी लावून ठेवली होती, त्याच्या वर जायचं तर डायरेक्टरला विचारायचं.

रडवायचं असेल तर खोटं सांगून रडवू नका. एका सेटवर मी असिस्टंट असताना पोराला सांगितलं होतं की तुझी आई निघून गेली. शॉट मिळाला. पण पोरगं पुढचे चार दिवस कोणाच्याही शब्दावर विश्वास ठेवेना, आणि ते बरोबरच होतं. भाकरीच्या सीनला आम्ही सुमी झालेल्या मुलीला भावना वगैरे काहीच सांगितली नाही. एवढंच सांगितलं, "तुकडा कडेला ठेव, मनात पाचपर्यंत मोज, मग खा, आणि चावताना खुंटीवरच्या दाव्याला किती पीळ आहेत ते मोज." तिने मोजले. मॉनिटरवर बघताना स्पॉट दादासुद्धा ट्रे घेऊन तसाच उभा राहिला होता. (पीळ एकवीस होते, पॅकअपला तिने स्वतः येऊन सांगितलं.)

आवाज शक्यतो सेटवरच नीट रेकॉर्ड करा. डबिंग सहा महिन्यांनी होतं, मुलाचा आवाज तोवर बदलतो, आणि स्टुडिओत माइकसमोर ते पाठ केल्यासारखं बोलतं.

कट, आणि पुन्हा तोच वर्ग

रफ कट, म्हणजे पहिलं कच्चं एडिट, आधी मोठ्यांना दाखवू नका. मोठे "छान आहे, थोडं स्लो वाटतं" म्हणतात आणि आपण घाबरून नेमक्या शांत जागा कापतो. पहिल्या वाचनाला ज्या वयाची मुलं होती त्याच वयाच्या मुलांना दाखवा आणि परत पडद्याऐवजी त्यांच्याकडे बघा. लेखकाला मात्र पिक्चर लॉक व्हायच्या, म्हणजे एडिट पक्कं व्हायच्या, आधी दाखवा, सेन्सॉरचं सर्टिफिकेट मिळाल्यावर नाही, तेव्हा त्यांचं म्हणणं ऐकून काही करता येत नाही. सर्टिफिकेटचं म्हणाल तर यू म्हणजे सगळ्यांसाठी, यूए म्हणजे लहान मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायचं, आणि आता यूए चे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग आहेत, मुलांच्या फिल्मला यू किंवा फार तर यूए ७+ मिळालं पाहिजे, नाहीतर शाळांचे शो गेलेच समजा.

आम्ही प्रोजेक्टर घेऊन संगमेश्वरच्या त्याच शाळेत गेलो. तिसरीची मुलं आता चौथीत होती. भाकरीच्या सीनला वर्ग गप्प झाला, आम्ही मागे उभे राहून एकमेकांचे हात दाबले. मग फिल्म संपली, दिवे लागले, आणि तोच मागच्या बाकावरचा पोरगा उठून म्हणाला, "पण दाव्याचं काय झालं?"

पुस्तकात शेवटच्या पानावरच्या चित्रात सुमी त्याच दाव्याचा झोपाळा बांधून बसलेली आहे. आम्ही तो शॉट घेतलाही होता, पण लांबी कमी करताना एडिटवर उडवला होता. गाडीत बसल्या बसल्या एडिटरला फोन लावला आणि झोपाळ्याचे चार सेकंद परत घातले.